तीनवरची लाल टिकली

मी एक खिट्टी बोलतेय. दाराची नाही, मोटारीच्या इंजिनातली. फळ्यावर लिहून लिहून झिजलेला खडूचा तुकडा असतो ना, तेवढीच मी. गोल, पोलादी आणि इतकी गुळगुळीत की चिमटीत धरलंत तर निसटून जाईन. रायपूरच्या एका चंदेरी गाडीच्या इंजिनात, अगदी वरच्या मजल्यावर माझं घर आहे.

या मजल्याला खिडकी नाही. तरी घरादाराची सगळी खबर मला असते, कारण आमच्याकडे तेल आहे. ते खाली पंपापासून वर माझ्यापर्यंत सारखं फिरत असतं, आणि त्याच्या पोटात काही म्हणून राहत नाही. गाडीत कोण बसलं, कोण रुसलं, कुठं निघालो, सगळं येता-जाता सांगून जातं.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या लांब सळईतून मला कापलं, भट्टीत लालबुंद तापवलं, गार केलं आणि मग घासलं. किती घासलं म्हणता! केसाच्या जाडीचाही फरक चालत नव्हता. एवढ्याशा जिवाचे एवढे लाड का, ते मला तेव्हा कळत नव्हतं. माझं काम समजल्यावर कळलं. ते तुम्हालाही सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल.

इंजिन श्वास घेतं. हवा आत येण्यासाठी त्याला छोटी दारं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. दार उघडायचं काम कॅमचं. कॅम म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, लिंबासारखा एका बाजूला टोक काढलेला. ते टोक फिरत येतं, रॉकर नावाच्या पट्टीला दाबतं, पट्टी व्हॉल्व्हला दाबते आणि दार उघडतं. टोक जितकं उंच, तितकं दार जास्त उघडणार.

आता गोल बाजारातलं एखादं भांड्यांचं दुकान डोळ्यांपुढे आणा. आडवारी दुपारी दुकानदार अर्धंच शटर वर करतो. गिऱ्हाईक एकेक येतं, भाव नीट होतो, सगळं शिस्तीत चालतं. पण धनतेरसच्या संध्याकाळी अर्धं शटर ठेवलं तर? लोक बाहेरच ताटकळतील. त्या दिवशी शटर पार वर ढकलावं लागतं.

इंजिनाचं तसंच आहे. ते हळू फिरत असतं तेव्हा दार थोडंसंच उघडलेलं बरं. फटीतून हवा जोरात येते, पेट्रोलशी छान घुसळली जाते आणि थोडक्यात काम भागतं. पण वेग वाढला की दार उघडं राहायला पापणी लवण्याइतकाही वेळ मिळत नाही. तेवढ्यात पोटभर हवा हवी असेल तर दार उंच उघडायला पाहिजे आणि जास्त वेळ उघडं राहायला पाहिजे.

आमच्या इंजिनात दोन्ही सोयी आहेत. शेजारी शेजारी तीन रॉकर. कडेचे दोघं बुटक्या कॅमवर चालतात आणि व्हॉल्व्ह त्यांच्याच हातात असतात. मधला मात्र उंच कॅमवर चालतो. तो उंच उडतो, खाली येतो, पुन्हा उडतो. पण त्याच्या हाताखाली व्हॉल्व्ह नाही, नुसती एक स्प्रिंग. म्हणजे त्याची सगळी कसरत फुकट. कुठपर्यंत? मी सरकेपर्यंत.

मी कडेच्या रॉकरच्या पोटात बसते. समोर, मधल्याच्या पोटात, माझी जुळी बहीण. इंजिनाचा वेग पुरेसा वाढला, ते पुरेसं तापलेलं असलं, की गाडीतला छोटा संगणक एक वाट मोकळी करतो, आणि जोरदार तेल माझ्या पाठीशी येऊन धडकतं. तिन्ही रॉकर एका रेषेत आले की त्या क्षणात मी सरकते, अर्धी मधल्यात शिरते, बहिणीला पलीकडे ढकलते, आणि तिघं एकमेकांत अडकून एक होतात. मग जिकडे मधला, तिकडे सगळे. उंच कॅमचं राज्य सुरू. वेग उतरला, तेल मागे गेलं, की पलीकडची स्प्रिंग आम्हाला घरी परत पाठवते. अशा जोड्या आमच्या मजल्यावर चार आहेत, चार सिलिंडरांच्या. सगळ्या एकदमच निघतात.

कारखान्यात इंजिन तपासलं तेव्हा मी पहिल्यांदा सरकले. इंजिनाचा आवाज बदलला. गुणगुणणाऱ्या माणसानं एकदम गळा मोकळा करावा तसा. मधला रॉकर ओरडलाच, "अगं, दार उघडलं!" तेवढ्यात तपासणी संपली. आम्ही घरी आलो आणि मी ठरवून टाकलं की आता आयुष्यभर हेच करायचं.

आणि मग आम्ही श्यामरावांकडे आलो.

श्यामराव रेल्वेत मालगाडीचे लोको पायलट. माणूस मूळचा वर्ध्याकडचा, नोकरीनं रायपूरचा झालेला. निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी हौसेनं ही गाडी घेतली. गाडी ताब्यात देताना दुकानातला माणूस म्हणाला, "अंकल जी, नया इंजन है. पहले हज़ार किलोमीटर सुई को तीन के ऊपर मत जाने देना." सुई म्हणजे इंजिन मिनिटाला किती हजार फेरे घेतंय ते दाखवणारी.

घरी पूजा झाली. श्यामरावांच्या पत्नी कुमुदताईंनी बोनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मग आत वाकून त्यांनी स्वतःच्या कपाळाची लाल टिकली काढली आणि त्या सुईच्या काचेवर बरोबर तीनच्या आकड्यावर चिकटवली. "घ्या तुमचा सिग्नल. याच्या पुढे नाही जायचं."

श्यामराव हसले. पण त्यांनी तो सिग्नल मानला.

हजार किलोमीटर केव्हाच सरले. टिकली तिथंच राहिली. तुम्ही म्हणाल, विसरले असतील. नाही, श्यामराव विसरणारे नव्हते. रेल्वेत रूळ कच्चा असला की तिथं वेगाला बंधन घालतात. 'कॉशन लागलं' म्हणतात त्याला. आणि ते संपलं हे ड्रायव्हरनं मनानं ठरवायचं नसतं. पुढे पिवळा गोल फलक उभा असतो, त्यावर मालगाडीसाठी काळ्या अक्षरांत टी आणि जी. पूर्ण गाडी त्या फलकाच्या हिशोबानं पार झाली की मगच वेग वाढवायचा. श्यामरावांनी सगळी नोकरी अशी केली. इथं कॉशन लागलेलं दिसत होतं, लाललाल, डोळ्यांसमोर. उठल्याचा फलक कुणी लावला नव्हता. मग वर्षं गेली काय आणि गाडीचा रंग उतरला काय, कॉशन ते कॉशन.

मला त्यांचा राग कधी आला नाही. किती जपायचे ते. तेल वेळच्या वेळी बदलायचे, टायरची हवा स्वतः बघायचे. आणि हे काय एकट्या श्यामरावांचं आहे? सीटवरचं प्लॅस्टिक या घरात इतके उन्हाळे निघालं नव्हतं. टीव्हीचा रिमोट अजून पन्नीत आहे असं तेल सांगतं. माणसं चांगली वस्तू हौसेनं आणतात आणि ती खराब होऊ नये म्हणून तिचं सगळ्यात चांगलं अंग झाकून ठेवतात. प्रेमच असतं ते. पण झाकलेल्याला आत काय वाटतं, हे विचारायचं राहून जातं.

मी आत बसून असायची. मधला उडत राहायचा. "आज?" तो विचारायचा. "आज नाही," मी म्हणायची. बुटक्या कॅमवर आमचं छान चाललं होतं, पेट्रोलही कमी लागायचं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ज्या कामासाठी केसाच्या जाडीपर्यंत घासलं, ते काम माझ्या वाट्याला येतच नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी मात्र भलतंच झालं. कुमुदताईंची धाकटी बहीण इंदू अभनपूरला राहते. दर रविवारी तिच्याकडे जायचं हा दोघांचा नेम. रस्त्यात पुढे धानाच्या पोत्यांनी लादलेला ट्रक होता, रांगत चाललेला. समोरची बाजू मोकळी दिसली म्हणून श्यामरावांनी गाडी बाहेर काढली. सुई टिकलीला टेकली. पाऊल तिथंच थांबलं, सवयीनं. गाडी ट्रकच्या बरोबरीला आली आणि पुढे सरकेना. लांबून बस येताना दिसली. श्यामरावांनी ब्रेक दाबला आणि गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेतली. बस हॉर्न देत निघून गेली.

कुणाला काही झालं नाही.

"गाडीत दम नाही राह्यला आता," श्यामराव म्हणाले.

"होते कधी कधी तसं," कुमुदताई म्हणाल्या.

"गाडीत काय, माह्यातच नाही राह्यला म्हन ना. विकून टाकतो. चिरागले बोलावतो येत्या रविवारी, पाहून जाईन."

चिराग म्हणजे समता कॉलनीतला जुन्या गाड्यांचा व्यापारी.

"अन् इंदूकडे कसं जाचं?"

"बसनं."

"माहे गुडघे चढतीन का बसमधी?"

तेलानं मला सांगितलं की श्यामरावांचे हात स्टिअरिंगवर फार घट्ट होते. ज्या माणसानं जन्मभर हजारो टन कोळसा ओढून नेला, तो आता दुसऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसणार होता. गाडी गेली की ते परत कधी चालवणार नव्हते, हे त्या गाडीतल्या दोघांनाही ठाऊक होतं. मला धरून तिघांना.

मंगळवारी त्यांची मुलगी गंधाली आली. गंधाली इंजिनांचं शास्त्र शिकायला खूप दूर गेली होती, जिथं सहा महिने बर्फ असतो. तिथं नोकरीही होती. पण शिकवायचं तर आपल्या गावच्या पोरींना, असं म्हणत ती परत आली आणि इथल्या कॉलेजात लागली. गाडी विकायची म्हटल्यावर तिनं आधी बोनेट उघडलं.

"पाह्यलं का," कुमुदताई चहा घेऊन आल्या, "येवढी बर्फात राहून आली, अन् घरी येऊन हात काळे करून राह्यली."

"आई, हाथ धुल जाते हैं." गंधालीनं कप घेतला. "बाबा, इंजिन मस्त आहे हो. आवाज ऐका. यात दम नाही कोण म्हणतं?"

"मी म्हनतो. ट्रकच्या पुढे नाही निघाली."

"सुई कितीवर होती?"

"तीनवर. आपल्या हद्दीत."

गंधालीनं आत वाकून पाहिलं. टिकली दिसली. ती तिला कित्येक वर्षं दिसत होती, पण आज पहिल्यांदा दिसली. "बाबा, ही टिकली... ये तो नए इंजन के लिए था. पहिल्या हजार किलोमीटरपुरतं!"

"असन."

"याची खरी ताकद साडेचारच्या पुढे सुरू होते. तुमच्या लोकोला जोर वाढवायचे आठ नॉच होते ना? तुम्ही ही गाडी सगळं आयुष्य चौथ्या नॉचवर चालवलीत. आठवा लावलाच नाही."

"आठवा नॉच म्या रोज लावला, पोट्टी. मालगाडी ओढाची होती, लगन नव्हतं लावाचं. पन कॉशनमधी नाही लावला. कॉशन उठलं, असं मले कोनी सांगतलं?"

गंधालीला हसू आवरलं नाही. खरं तर तिथं हसायला नको होतं. श्यामरावांनी चहाचा कप बोनेटच्या कडेवर ठेवला आणि ते घरात निघून गेले.

"तुले अक्कल नाही," कुमुदताई हळूच म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी श्यामराव फिरायला गेले असताना गंधालीनं किल्ली घेतली. नवा रायपूरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर ती आम्हाला घेऊन आली. दुसरा गिअर. सुई टिकलीखाली गेली, पलीकडे निघाली. "आज?" मधल्यानं विचारलं. "आज!" मी म्हणाले.

सुई साडेचारवर. संगणकानं वाट उघडली. मी दम धरून वाट पाहिली.

तेल आलंच नाही. म्हणजे आलं, पण थेंब थेंब. मी जागची हललेसुद्धा नाही. मधला उडत राहिला आणि मी त्याच्याकडे बघूही शकले नाही. इंजिनानं जोर आखडता घेतला आणि गंधालीच्या समोर एक पिवळा दिवा पेटला, इंजिनाच्या चित्राचा.

घरी दारातच श्यामराव उभे होते. त्यांनी दिवा पाहिला.

"जन्मभर एक सिग्नल नाही तोडला म्या," ते म्हणाले. "तू एका सकाळीच तोडला."

गंधालीनं मान खाली घातली. "चुकलं बाबा. तुम्हाला न विचारता नेली, ते चुकलं. मंगळवारी हसले, तेही. पण गाडी विकायच्या आधी एकदा भार्गव भैयाकडे चला. तुमच्या डोळ्यांनी बघा. मग काय ते करा."

श्यामरावांनी दिव्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "चाल. तसाबी दिवा लागलेली गाडी गिऱ्हाइकाले दाखवाची नाही मले."

भार्गवचं गॅरेज जवळच. दर वर्षी आमची देखभाल त्याच्याकडेच. गंधालीनं सांगितलं तसं त्यानं इंजिनाच्या कडेची छोटी डबी उघडली, जिच्यातून माझ्यासाठीचं तेल येतं. आत नखाएवढी जाळी होती. ती काळ्या चिकट साक्यानं पूर्ण लिंपलेली.

"ये तो कभी खोले ही नहीं थे, दीदी," भार्गव म्हणाला. "कभी काम ही नहीं पड़ा."

"काम पडलं नाही म्हणून तेल इकडून गेलं नाही, तेल गेलं नाही म्हणून जाळी तुंबली," गंधाली म्हणाली.

श्यामरावांनी जाळी हातात घेतली. "हे तं आपल्या घरच्या चहाच्या गाळनीसारखं झालं."

"हव, अंकल जी," भार्गव म्हणाला. "आंटी को मत बताना."

श्यामराव हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

मग भार्गवनं वरचं झाकण काढलं, आणि माझ्या घरात उजेड आला. कारखान्यानंतर मी उजेड पाहिलाच नव्हता. तेलाच्या बारीक भोकातून मला एक चेहरा दिसला. पांढऱ्या भुवया, नाकावर घसरलेला चष्मा. म्हणजे हे श्यामराव! इतकी वर्षं ज्यांचं पाऊल ओळखत होते, त्यांचा चेहरा आज दिसला. मला तर वाटलं त्यांनाही मी दिसले. नसेन दिसले, पण ते बघत होते माझ्याकडेच.

भार्गव पान्यानं इंजिन हळूहळू फिरवत होता. कॅम फिरत होते.

"हा मधला पाह्य," श्यामराव म्हणाले. "त्याचं टोक उंच हाये. सगळ्यायपेक्षा जास्त उडून राह्यला, पन उघडत तं काहीच नाही. काहून?"

"जोडलेला नाही म्हणून," गंधाली म्हणाली. या वेळी ती हसली नाही, घाईही केली नाही. "कडेच्या पट्टीच्या पोटात एक खिट्टी आहे. तेलानं ढकललं की ती मधल्यात शिरते."

श्यामरावांनी अंगठ्यानं मधल्याला दाबलं. तो खाली गेला, वर आला. पुन्हा दाबलं.

"म्हनजे हे कपलिंग झालं," ते एकदम म्हणाले. "घाटात मालगाडी ओढत नाही तं मागून दुसरं इंजिन लावते. बँकर म्हनतात. कपलिंग बसलं की दोघायचा जोर एक. सपाटीवर काढून टाकाचं."

"अगदी तेच, बाबा. मला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं."

"अन् म्या या बँकरले," ते मधल्याकडे बघत म्हणाले, "येवढी वर्षं इंजिन चालू ठेवून यार्डात उभं केलं. कपलिंग न लावता."

मला कळलं, मधल्याला कुणी तरी पहिल्यांदाच नीट पाहिलं होतं.

जाळी धुतली, तेल नवं भरलं, दिवा विझला. रविवारी सकाळी चिराग गाडी बघायला आला, गोरागोमटा, हसतमुख, गळ्यात सोन्याची साखळी. "अंकल जी, एक चक्कर मार लें?"

श्यामराव स्वतः स्टिअरिंगमागे बसले. शेजारी गंधाली, मागे चिराग. श्यामरावांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, पण गाडी हलेना.

"बाबा?"

"कॉशन लागलेलं हाये." ते टिकलीकडे बघत होते. "समजलं मले सगळं. पन पाय नाही जानार. बोर्ड पाह्यजे."

चिरागनं गंधालीकडे पाहिलं. गंधालीनं ओठ दाबले. या वेळी तिला हसायचं नव्हतं.

तेव्हा कुमुदताई देवघरातून हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. खिडकीतून आत वाकल्या. टिकली नखानं काढायला गेल्या, तर ती काचेला बसलेली. जरा ओल्या पदरानं घासावी लागली. तिच्याखाली तीनचा आकडा नवाकोरा निघाला. मग त्यांनी हळदीत बोट बुडवलं आणि काचेवर सहाच्या आकड्याच्या अलीकडे एक पिवळा गोल काढला.

"घ्या तुमचा बोर्ड. आता इथवर जाचं. कॉशन म्याच लावलं होतं, मीच उठवतो."

"त्याच्यावर टी-जी पाह्यजे."

"ते समजून घ्या. मले इंग्रजी नाही येत."

"अन् लाल टिकली?"

"ठेवा डॅशबोर्डावर, आठवन म्हनून." त्यांनी दार उघडलं. "सरक रे बाबा चिराग, मीबी येतो."

नवा रायपूरचा रस्ता. थंडीचं ऊन. पुढे-मागे कुणी नाही. श्यामरावांनी दुसरा गिअर टाकला. सुई दोनवर. अडीच. तीन. तिथं त्यांचं पाऊल थबकलं. मला इथवर जाणवलं. मागून कुमुदताईंचा आवाज आला, "कॉशन उठलं, चला."

पाऊल खाली गेलं. साडेतीन. चार.

"आज?" मधल्यानं विचारलं.

मला मूठ असती, तर जीव मुठीत धरला असता.

साडेचार. वाट उघडली, आणि तेल आलं! थेंब थेंब नाही. कोंडून ठेवलेलं पाणी मोकळं सुटावं तसं, ताजं, सोनेरी, माझ्या पाठीशी येऊन धडकलं. तिघं एका रेषेत आले. मी सरकले. अर्धी मधल्यात, बहीण पलीकडे, स्प्रिंग दबली, खट. शेजारून उरलेल्या तिन्ही जोड्यांचं खट. उंच कॅमनं तिघांना एकत्र उचललं आणि आमची दारं सताड उघडली. हवा आत आली, पोटभर, छातीभर. इंजिनाचा गळा मोकळा झाला.

"उघडलं!" मधला ओरडला. "अगं, उघडलं!"

गाडी पुढे झेपावली. चिराग सीटला टेकला. कुमुदताई "अगं बाई" म्हणाल्या आणि मग लहान पोरीसारख्या खळखळून हसल्या. हळदीचा गोल जवळ येताच श्यामरावांनी तिसरा गिअर टाकला, पाऊल सैल सोडलं, आणि स्प्रिंगनं आम्हाला घरी पाठवलं. रस्त्याची वेगमर्यादा त्यांनी ओलांडली नव्हती. माणूस शेवटी रेल्वेचा.

मग श्यामराव म्हणाले, "घाट चढून आल्यावर असंच वाटे."

"अंकल जी," चिरागनं मागून विचारलं, "एक बात पूछूँ? आप ये गाड़ी बेच क्यों रहे हो?"

"कोन म्हन्ते विकाची हाये?" श्यामराव म्हणाले. "तुले फिरवाले आनलं. आता घरी चाल, पोहे खाऊन जा."

त्याला आता वर्ष होत आलं. मी रोज सरकते असं नाही. गावात बुटका कॅमच बरा, आणि तो माझा सख्खा शेजारी आहे. पण रविवारी अभनपूरच्या वाटेवर, समोरचं सगळं नीट दिसत असलं आणि पुढे धानाचा ट्रक रांगत असला, की श्यामराव आधी आरशात बघतात, मग पत्नीकडे. "लावू का बँकर?" "लावा," कुमुदताई म्हणतात. महिन्यातून एकदा गंधालीच्या कॉलेजातल्या पोरी येतात, झाकण उघडतात, आणि श्यामराव त्यांना कपलिंग समजावतात. मी आता उजेडाला सरावले आहे. सीटवरचं प्लॅस्टिकही गेल्या महिन्यात निघालं. रिमोट अजून पन्नीतच आहे, धीर धरते.

तुमच्या गाडीत माझी एखादी बहीण असेल. तुमच्या घरात, कपाटात, कदाचित तुमच्यातही कुणी मधला असेल, रोज उंच उडणारा, कशालाच न जोडलेला. त्याच्यासाठी एवढंच मागते. काचेवर एखादी जुनी टिकली राहून गेली आहे का, तेवढं एकदा बघा. ज्यांनी लावली त्यांनी प्रेमानंच लावली असेल. त्यांनाच काढायला सांगा.

बरं, येते मी. श्यामरावांनी इंडिकेटर लावलाय, पुढचा रस्ता मोकळा आहे, आणि पाठीशी तेल चढतंय. मधला विचारतोय, आज?